बारा औषधं, चार पेशंट आणि एक नको असलेला शब्द

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवलेत.)

आजची गोष्ट मुंबईची आहे, म्हणजे निदान सुरू तरी मुंबईत होते. आणि सुरू होते एका पत्रावरून.

डिसेंबर २०११. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं एक नियतकालिक आहे, 'क्लिनिकल इन्फेक्शस डिसीजेस'. त्यात एक छोटंसं पत्र छापून आलं. पेपर नाही हं, पत्र. पाठवणारे माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमधले छातीच्या विकारांचे डॉक्टर झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी. सहकाऱ्यांमध्ये तिथल्या मायक्रोबायोलॉजी लॅबच्या डॉ. कॅमिला रॉड्रिग्सही होत्या. मजकूर साधा होता. आमच्याकडे टीबीचे चार पेशंट आहेत. त्यांच्या थुंकीतले जंतू आम्ही लॅबमध्ये वाढवले आणि त्यांच्यावर बारा औषधं लावून पाहिली. पहिल्या फळीतली पाच, दुसऱ्या फळीतली सात. जंतू एकालाही दाद देत नाहीत.

बारापैकी बारा फेल.

पत्राच्या मथळ्यात त्यांनी एक शब्द वापरला: टोटली ड्रग-रेझिस्टंट. थोडक्यात टीडीआर. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत हा शब्द जगभरच्या पेपरांत पोचला, आकडा चारावरून बारावर गेला, दिल्लीहून पथक मुंबईत आलं, आणि मग मोठा वाद झाला. वाद पेशंटवर असेल असं तुम्हाला वाटेल. पण बराचसा वाद झाला तो त्या शब्दावर.

त्या वादाकडे आपण येऊच. पण आधी जरा मागे जाऊ. कारण मला ही गोष्ट वाचताना सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की या चार पेशंटना जे झालं ते असं होऊ शकतं हे डॉक्टर मंडळींना १९४८ पासून माहीत होतं. अंदाजाने नव्हे, आकड्यांनिशी.

१९४३. अमेरिकेत न्यू जर्सीमधलं रटगर्स. तिथे सेलमन वॅक्समन यांच्या लॅबमध्ये अल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी मातीतल्या जंतूंवर काम करत होता. त्याला एक पदार्थ मिळाला, स्ट्रेप्टोमायसिन. पेनिसिलिन टीबीवर चालत नव्हतं, हे चाललं. (नोबेल मिळालं वॅक्समनना, १९५२ साली, एकट्यांना. शॅट्झने त्याआधी कोर्टात जाऊन आपलं नाव सह-शोधक म्हणून मान्य करून घेतलं होतं. गाईड आणि पीएचडीचा विद्यार्थी हे नातं तेव्हाही असंच होतं, एवढंच म्हणतो.)

महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे डॉलर नव्हते, त्यामुळे स्ट्रेप्टोमायसिन अगदी थोडं आलं. सगळ्या पेशंटना पुरणं शक्यच नव्हतं. तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ठरवलं की नाहीतरी सगळ्यांना देता येत नाहीये, तर चाचणी नीट करू. आकडेशास्त्राचं काम ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याकडे होतं. गंमत म्हणजे या माणसाला स्वतःला पहिल्या महायुद्धात टीबी होऊन गेला होता. १०७ पेशंट घेतले. कोणाला औषध मिळणार आणि कोणाला नाही हे डॉक्टरच्या मर्जीवर ठेवलं नाही, चिठ्ठी टाकावी तसं बंद पाकिटांतून ठरवलं. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणात विश्रांती. ५२ जणांना नुसती विश्रांती, कारण टीबीवरचा तोवरचा उपचार म्हणजे तोच होता.

सहा महिन्यांनी पाहिलं. नुसत्या विश्रांतीवाल्या ५२ पैकी १४ जण गेले होते. औषधवाल्या ५५ पैकी ४. चमत्कारच! हा निकाल ऑक्टोबर १९४८ मध्ये छापून आला आणि आजही मेडिकलच्या मुलांना शिकवतात.

पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, जी कमी सांगितली जाते. औषध घेतलेल्या पेशंटपैकी ४१ जणांचे जंतू पुन्हा तपासले, तेव्हा त्यातल्या ३५ जणांच्या जंतूंवर स्ट्रेप्टोमायसिन चालेनासं झालं होतं. हे अवघ्या काही महिन्यांत. आणि पाच वर्षांनी जेव्हा पुन्हा मोजलं, तेव्हा औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ जण गेले होते, न घेतलेल्या ५२ पैकी ३५. म्हणजे सुरुवातीचा तो प्रचंड फरक जवळजवळ पुसला गेला होता.

का? हे एकदा नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

टीबीच्या पेशंटच्या फुप्फुसात एक पोकळी तयार होते. एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज मावतात. जंतू दुभंगत जातात, आणि प्रत कॉपी होताना कधीतरी चूक होते. आयसोनायझिड नावाचं औषध आहे, त्याला दाद न देणारी चूक साधारण दहा लाखांत एका जंतूत होते. रिफॅम्पिसिनसाठी दहा कोटींत एकात. मग तुम्ही एकटं आयसोनायझिड दिलंत, तर काय होईल? बाकी सगळे मरतील आणि आधीपासून वेगळे असलेले शंभरेक जंतू मागे उरतील. त्यांच्यासाठी मोकळं मैदान. काही महिन्यांत पोकळी पुन्हा भरते, आता सगळी प्रजा त्यांचीच.

दोन्ही औषधं एकदम दिलीत तर? दोन्ही चुका एकाच जंतूत असण्याची शक्यता म्हणजे दहा लाख गुणिले दहा कोटी. एकावर चौदा शून्यं, त्यात एक. एवढे जंतू कोणाच्याच फुप्फुसात नसतात. बस, टीबीच्या उपचाराचं सगळं गणित एवढंच आहे. दाराला एक कुलूप असेल तर कोणाकडे तरी किल्ली निघते. तीन-चार वेगवेगळी कुलपं एकदम लावायची.

आणखी एक. बाकीचे बरेच जंतू रेझिस्टन्सची जनुकं एकमेकांना देतात, आपण फाइल शेअर करतो तशी. टीबीचा जंतू ते करत नाही. त्याच्यात तयार झालेला प्रत्येक रेझिस्टन्स हा त्याच्या स्वतःच्या चुकीतून आलेला आणि आपल्या उपचाराने निवडलेला असतो. म्हणजे बारा औषधांना दाद न देणारा जंतू दिसला, की त्यामागे चुकीच्या उपचाराच्या अनेक पायऱ्या असतात. काही एका माणसात, काही त्याला ज्याच्याकडून लागण झाली त्याच्यात.

तर १९५० पर्यंत हे कळलं होतं. स्वीडनच्या यॉर्गन लेमान यांनी शोधलेलं 'पास' हे दुसरं औषध स्ट्रेप्टोमायसिनला जोडलं की रेझिस्टन्स खूपच कमी होतो, हेही ब्रिटनमध्ये दिसलं. १९५२ मध्ये आयसोनायझिड आलं. आणि १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झालं, ज्याने जगाचा टीबीचा उपचार बदलला. तिथे विचारलेला प्रश्न आपल्याला आज बाळबोध वाटेल: पेशंटला सॅनिटोरियममध्ये ठेवायलाच पाहिजे का? मिरजेजवळची वानलेसवाडी आठवा, किंवा जुन्या मराठी कादंबऱ्यांतली हवापालटाची गावं. चांगली हवा, दूध, अंडी, आराम. मद्रासच्या केंद्राने अर्ध्या पेशंटना सॅनिटोरियममध्ये ठेवलं आणि अर्ध्यांना त्यांच्या त्यांच्या दाटीवाटीच्या घरी ठेवून औषध दिलं. १९५९ मध्ये निकाल आला: औषध नीट घेतलं तर घरचे पेशंटही तितकेच बरे होतात, आणि घरातल्या माणसांना त्यामुळे जास्त लागणही होत नाही. त्या एका निकालाने सॅनिटोरियमचा जमाना संपवला. पण 'नीट घेतलं तर' यातला 'तर' मोठा आहे, हेही मद्रासलाच कळलं. औषध कोणीतरी समोर उभं राहून द्यावं, ही कल्पना तिथलीच.

म्हणजे शास्त्रही आपल्याकडे होतं, पुरावाही आपल्याकडचाच. मग मुंबईत काय झालं?

१९९१ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्या शंभर खासगी डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. त्यांना विचारलं होतं, टीबीचा पेशंट आला तर काय लिहून द्याल? शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळे उपचार लिहिले. ऐंशी! योग्य उपचार मोजून दोन-तीन प्रकारचे असतात.

जवळजवळ वीस वर्षांनी उदवाडियांच्या टीमने हाच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी धारावीत प्रॅक्टिस करणाऱ्या १०६ डॉक्टरांना. २०१० मध्ये निकाल छापला. १०६ डॉक्टर, ६३ वेगवेगळी प्रिस्क्रिप्शन्स, आणि बरोबर लिहिणारे सहा.

आता इथे 'डॉक्टरच तसले' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मीही लहानपणी तेच ऐकत मोठा झालो. माझ्या आत्याला नव्वदच्या दशकात टीबी झाला होता. घरात 'टीबी' हा शब्द कोणी उच्चारत नसे, 'छातीवर डाग आहे' असं म्हणायचे. तिचं ताट-वाटी वेगळी होती आणि ती का वेगळी आहे हे आम्हा पोरांना कोणी सांगितलं नव्हतं. लालबागच्या चाळीत राहायची. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात गेलं तर ओळखीचं कोणीतरी बघेल, म्हणून ती दोन गल्ल्या सोडून एका खासगी डॉक्टरकडे जायची. तीन महिने औषध घेतलं, बरं वाटलं, बंद केलं. पुन्हा खोकला. दुसरा डॉक्टर. त्याने जुन्याच गोळ्यांत एक नवी गोळी वाढवली. मग तिसरा. एक्स-रेची ती मोठी पाकिटं आणि तीन वेगवेगळ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असायच्या. शेवटी कोणीतरी हाताला धरून तिला सरकारी केंद्रात नेलं आणि ती बरी झाली. नशीब. पण ती पहिली दोन वर्षं तिची नोंद कुठेच नव्हती. सरकारच्या हिशेबात तिला टीबी नव्हताच.

जुन्या गोळ्यांत एक नवी गोळी वाढवणं, हे लक्षात ठेवा. जुन्या गोळ्या चालेनाशा झाल्या असतील, तर प्रत्यक्षात तुम्ही नवी गोळी एकटीच देत असता. म्हणजे १९४८ पुन्हा.

सरकारी बाजू स्वच्छ होती का? १९९७ पासून डॉट्सचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, २००६ पर्यंत देशभर पोचला, आणि त्याने लाखो लोक बरे झाले, यात वाद नाही. पण त्यात एक खाच होती. पहिला उपचार फसलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या पेशंटला 'कॅटेगरी टू' नावाचा कोर्स द्यायचे. त्यात होतं काय? पहिलीच औषधं, अधिक एक स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे आधी न तपासता एक औषध वाढवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाखाली हे कितीतरी देशांत चाललं, आणि संघटनेने ते अधिकृतपणे मोडीत काढलं २०१७ मध्ये. आत्याच्या गल्लीतला डॉक्टर आणि जिनिव्हातली समिती, दोघांची चूक एकाच जातीची होती. समितीची छापील होती, एवढाच फरक.

आणि ज्यांचा टीबी आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद देत नाही, म्हणजे एमडीआर, त्यांच्यासाठी सरकारी उपचार सुरू झाले २००७ मध्ये, आधी गुजरात आणि महाराष्ट्रात. तोवर अशा माणसाने जायचं कुठे? बाजारात. दुसऱ्या फळीतली औषधं महाग, दोन-दोन वर्षं घ्यायची, त्यातल्या इंजेक्शनांनी ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. पैसे असतील तोवर घ्यायची, संपले की थांबायचं.

तर ते चार पेशंट. पत्रात लिहिलंय की चारपैकी तिघांनी अठरा महिन्यांत सरासरी चार खासगी डॉक्टर बदलले होते. दुसऱ्या फळीतली औषधं एकेक करून वाढवलेली, डोस बऱ्याचदा चुकीचे, लक्ष ठेवणारं कोणी नाही.

आता येऊ वादाकडे. पण वादाआधीचं वातावरण सांगायला हवं. ऑगस्ट २०१० मध्ये, म्हणजे या पत्राच्या सव्वा वर्ष आधी, 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात एका जनुकावर अभ्यास आला होता. जनुकाचं नाव एनडीएम-१. हे ज्या जंतूंत शिरतं त्यांच्यावर शेवटची राखीव अँटिबायोटिक्सही चालत नाहीत. एनडीएम म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटमध्ये ते पहिल्यांदा सापडलं, त्याच्यावर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून हे नाव. झालं! संसदेत गदारोळ, मेडिकल टुरिझमविरुद्ध कट, देशाची बदनामी. राजधानीचं नाव जंतूला देणं खटकणारं होतंच, मलाही खटकतं. पण या गोंधळात एक गोष्ट मागे पडली. लॅन्सेटच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, भारतातल्याच डॉक्टरांच्या नियतकालिकात मुंबईच्या एका हॉस्पिटलने हेच छापलं होतं: २४ नमुने तपासले, २२ मध्ये एनडीएम-१. कोणतं हॉस्पिटल? हिंदुजा. लॅब तीच, रॉड्रिग्स यांची. तेव्हा कोणाला बदनामी वाटली नाही, कारण बाहेर कोणी वाचलंच नव्हतं.

त्यामुळे जानेवारी २०१२ मध्ये त्याच लॅबमधून 'टोटली' असा शब्द आला, तेव्हा दिल्ली आधीच कानकोंडी झालेली होती. केंद्राने पथक पाठवलं, कागद तपासले, आणि आरोग्य मंत्रालयाने पत्रक काढलं. टीडीआर ही संज्ञा राष्ट्रीय कार्यक्रमाला मान्य नाही, जागतिक आरोग्य संघटनेलाही मान्य नाही. सध्या या केसेस एक्सडीआर समजाव्यात. शिवाय दुसऱ्या फळीच्या औषधांच्या तपासणीसाठी या लॅबला सरकारची मान्यता नाही.

ऐकायला हे टिपिकल सरकारी वाटतं ना? पण थांबा, त्यात तथ्यही होतं. टीबीचा जंतू फार आळशी, एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास वीस तास लागतात. म्हणून तो लॅबमध्ये वाढवायलाच कित्येक आठवडे जातात. पहिल्या फळीतल्या मुख्य औषधांची तपासणी बऱ्यापैकी भरवशाची असते, पण दुसऱ्या फळीतल्या काही औषधांचा निकाल एका लॅबमध्ये एक आणि दुसरीत दुसरा येऊ शकतो. शिवाय 'टोटली' म्हटलं की पेशंट आणि डॉक्टर दोघंही हात टेकतात. प्रत्यक्षात लिनेझोलिडसारखी यादीबाहेरची औषधं होती, नवी येऊ घातली होती. मार्च २०१२ मध्ये जिनिव्हात तज्ज्ञ जमले आणि त्यांनीही सांगितलं की नवी व्याख्या करण्याइतका पुरावा नाही. इटलीत २००७ मध्ये दोन बायकांबद्दल आणि इराणमध्ये २००९ मध्ये पंधरा पेशंटबद्दल असेच रिपोर्ट आले होते, तेव्हाही शब्द रुजला नव्हता. इथेही टीडीआर हळूहळू वापरातून गेला.

मला विचाराल तर शब्दाच्या बाबतीत सरकार चूक नव्हतं. पण शब्द खोडल्याने चार माणसांच्या थुंकीतला जंतू बदलत नव्हता. 'एक्सडीआर म्हणा' म्हटल्यावर एक्सडीआर म्हणजे काय हे तरी आठवायला हवं होतं. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी नावाच्या गावात एक्सडीआरचे ५३ पेशंट सापडले, बहुतेकांना एचआयव्हीही होता. त्यातले ५२ गेले.

तरी त्या गदारोळाचं काहीच झालं नाही असं नाही. किंबहुना खूप झालं, आणि भराभर झालं. ७ मे २०१२ रोजी केंद्राने टीबी 'नोटिफायेबल' केला, म्हणजे कोणत्याही डॉक्टरकडे, लॅबकडे, खासगी हॉस्पिटलकडे टीबीचा पेशंट आला की सरकारला कळवणं बंधनकारक. त्यासाठी 'निक्षय' नावाची ऑनलाइन नोंद सुरू झाली. जगात सगळ्यात जास्त टीबी असलेल्या देशात तोवर हा नियम नव्हता, यावर क्षणभर थांबा. जूनमध्ये टीबीसाठीच्या रक्ताच्या अँटिबॉडी चाचण्यांवर बंदी आली. त्या चाचण्या खोटे निकाल द्यायच्या आणि तरी सर्रास चालायच्या. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू झालं. केमिस्टकडे काही औषधांच्या पाकिटावर लाल चौकट दिसते ना, तेच. लागू झालं तेव्हा ४६ औषधं होती त्यात, टीबीचीही. पेशंट आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून तीन वर्षं ठेवायचं.

कायदा झाला म्हणून डॉक्टर लगेच कळवायला लागले नाहीत, अर्थात. २०१३ मध्ये अख्ख्या देशातून खासगी डॉक्टरांनी कळवलेले पेशंट होते सुमारे ३९ हजार. एवढ्या मोठ्या देशात! मग खासगीत नक्की किती जण औषध घेतायत हे कळणार कसं? काही संशोधकांनी फार साधी युक्ती केली, आणि या सगळ्या इतिहासातला हा माझा आवडता तुकडा आहे. त्यांनी पेशंट मोजलेच नाहीत, औषधांची विक्री मोजली. रिफॅम्पिसिनचा उपयोग जवळजवळ टीबीसाठीच होतो. देशभरात खासगी बाजारात अशी किती औषधं खपली हा आकडा व्यापारी कंपन्यांकडे असतोच, कारण त्यांना मार्केट शेअर बघायचा असतो. त्यावरून हिशेब केला, तर २०१४ मध्ये खासगीत उपचार घेणारे साधारण २२ लाख निघाले. सरकारी कार्यक्रमातल्या पेशंटपेक्षा जास्त, बहुधा दुपटीच्या आसपास. हे २०१६ मध्ये छापून आलं, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या टीबीचा अंदाज वर नेला. दरवर्षी २२ लाख नवे पेशंट धरत होते, ते २८ लाख झाले. रोग वाढला नव्हता. हिशेबात नसलेली माणसं हिशेबात आली. २०१९ पर्यंत खासगीकडून येणारी नोंद ६ लाख ७८ हजारांवर गेली.

आणि रेझिस्टन्स? त्याची पहिली देशव्यापी मोजणी २०१४ ते २०१६ मध्ये झाली, ५,२८० पेशंटवर. निकाल: आधी औषध घेतलेल्यांमध्ये एमडीआर ११.६ टक्के. आणि आयुष्यात कधी टीबीची गोळी न घेतलेल्यांमध्ये २.८४ टक्के. दुसरा आकडा छोटा दिसतो, पण तोच जास्त अस्वस्थ करतो. कारण या लोकांनी औषध अर्धवट सोडलं नव्हतं, डॉक्टर बदलले नव्हते, काही म्हणजे काही केलं नव्हतं. त्यांना तो जंतू तयार होऊनच मिळाला, हवेतून. लोकलच्या डब्यात, ऑफिसात, घरात. 'पेशंट औषध मध्येच सोडतात म्हणून रेझिस्टन्स होतो' हे आपल्या पोस्टरांवरचं वाक्य अर्धंच खरं आहे.

आता औषधाचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो. डिसेंबर २०१२ मध्ये, त्या पत्रानंतर बरोबर वर्षाने, अमेरिकेत बेडाक्विलिनला मंजुरी मिळाली. चाळीसेक वर्षांत टीबीवर आलेला पहिला पूर्ण नव्या प्रकारचा रेणू. भारतात ते २०१६ मध्ये आलं, पण फक्त सहा केंद्रांवर आणि मोजून. सरकारचं म्हणणं, जपून वापरू, नाहीतर यालाही रेझिस्टन्स येईल. १९४८ पासूनचा इतिहास ऐकल्यावर ही भीती खोटी वाटत नाही. पण पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला दिल्लीतल्या केंद्रावर हे औषध नाकारलं गेलं, एक कारण असं की ती दिल्लीची रहिवासी नव्हती. वडील हायकोर्टात गेले. जानेवारी २०१७ मध्ये औषध द्यायचं ठरलं. तिच्या बाजूने वैद्यकीय मत देणाऱ्यांत उदवाडियाही होते. औषध मिळालं, पण फार उशिरा, तोवर फुप्फुसं गेली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती वारली.

पुढे औषध देशभर पोचलं. कंपनीने पेटंटची मुदत वाढवून मागितली, तेव्हा टीबीतून बऱ्या झालेल्या दोन तरुणींनी विरोध नोंदवला, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. दोघींचीही ऐकण्याची शक्ती जुन्या इंजेक्शनांनी गेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स मंजूर केला, सगळ्या गोळ्या, इंजेक्शन एकही नाही. जिथे दोन-दोन वर्षं लागत होती तिथे सहा महिने.

आणि हो, तो शब्दांचा प्रश्न. जानेवारी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक्सडीआरची व्याख्या बदलली. जुनी इंजेक्शनं त्यातून गेली. आता एक्सडीआर म्हणायचं असेल तर जंतू इतर औषधांबरोबरच आणखी दोनपैकी निदान एका औषधाला दाद देत नसला पाहिजे. ती दोन औषधं म्हणजे लिनेझोलिड आणि बेडाक्विलिन.